जंगम कोण?



सुरतेच्या उधना-लिंबायत भागात खानदेशातील असंख्य कुटुंबे कापडधंद्यावर स्थिरावली आहेत. मुले तेथे, वृद्ध मातापिता नंदुरबार, दोंडाईचा, अमळनेरकडील खेड्यांत. मध्ये ताप्ती मार्गाची रेल्वे आहे. परंतु घरापासून स्थानकापर्यंत त्यांना कोण नेणार?

महाराष्ट्रात २६ ऑगस्ट २०२२ पासून पंचाहत्तरी ओलांडलेल्यांना एस.टी.चा प्रवास विनामूल्य झाला. पण तो राज्याच्या हद्दीपर्यंतच. रेल्वेची ज्येष्ठांची सवलत तर मार्च २०२० मध्येच थांबली. शासनाने भाड्याचा विचार केला हे योग्यच. तथापि तिकीट म्हणजे प्रवास नव्हे. फाटा दोन कोस दूर आणि गाडीची पायरी गुडघ्याइतकी उंच असेल, तर माफी कोणाच्या कामाची?

मुलगा म्हणतो, "मी दरमहा पैसे पाठवतो." पैसे पोहोचतात; म्हातारा दवाखान्यापर्यंत पोहोचत नाही.

जंगम म्हणजे चालताबोलता. भक्ताने आपल्याकडे यावे ही अट न घालता जंगम त्याच्या दारी जातो. ज्याचे पाय थकले त्याला आपण स्थावर करून ओसरीवर बसविले, हा दोष वयाचा की आपला?

बाजाराच्या दिवशी तालुक्याला जाणाऱ्याने गाडीत एक जागा राखावी. हे उपकार नव्हेत, दासोह आहे. आणि "दवाखान्यात जायचे का?" एवढेच विचारू नये. "कोठे जावेसे वाटते?" असे विचारावे. बहिणीला भेटण्याची इच्छा ही आजाराहून लहान गरज नाही.