अवधान आणि अपराध

वाचताना चुकणाऱ्या मुलाला दोषी केव्हा धरावे? प्रश्न लहान दिसतो; परंतु घरोघरी त्याचा निवाडा रोज होत असतो, आणि तो बहुधा पुरावा न पाहताच होतो. मूल ओळ गाळते, तीच ओळ पुन्हा वाचते, पोथीवर बोट ठेवल्यावाचून पुढे सरकत नाही, थोड्याच वेळात डोळे चोळू लागते. 'लक्ष नाही', असे आपण म्हणतो. लक्ष देणे ही इच्छेची गोष्ट, तेव्हा न देणे हा अपराध, एवढे अनुमान त्या दोन शब्दांत भरलेले असते.

वैद्यकही एके काळी याच भाषेत बोलत असे. १९०२ साली जॉर्ज स्टिल या इंग्रज बालरोगतज्ज्ञाने लंडनमध्ये अनावर मुलांविषयी व्याख्याने दिली आणि त्यांच्या अवस्थेला नैतिक संयमातील दोष असे नाव दिले. आज जिला एडीएचडी म्हणतात, त्या अवधानाच्या विकाराचे ते एक आरंभीचे वर्णन समजले जाते. नाव पुढे बदलले. आपल्या मनातला न्यायाधीश मात्र बदललेला नाही, असे आम्हांस वाटते.

जवळचे अक्षर वाचताना दोन्ही डोळ्यांना किंचित नाकाकडे वळावे लागते व तसेच टिकून राहावे लागते. काहींच्या बाबतीत ही जोडी नीट जुळत नाही. मग अक्षरे दुहेरी वा धूसर दिसतात, हलल्यासारखी वाटतात, कपाळ दुखू लागते. २००५ साली कॅलिफोर्नियातील नेत्रतज्ज्ञ डेव्हिड ग्रॅनेट व त्यांचे सहकारी यांनी जुन्या नोंदी तपासल्या, तेव्हा अशा रुग्णांत एडीएचडीचे प्रमाण इतरांच्या सुमारे तिप्पट आढळले. एकामुळे दुसरे होते, हे मात्र त्यावरून सिद्ध होत नाही. स्वमग्न मुलांतही तिरळेपणा अधिक आढळतो. शाळेतल्या तपासणीत यांपैकी पुष्कळसे निसटते, कारण तेथला तक्ता वीस फुटांवरून वाचावयाचा असतो. त्यातली शेवटची ओळ बिनचूक वाचणारे मूल हातातल्या पुस्तकात हरवू शकते.

आणि ते तक्रारही करीत नाही. अक्षरे जर त्याने कधी स्थिर पाहिलीच नसतील, तर ती अस्थिर आहेत हे त्याने कशावरून ओळखावे? सर्वांना असेच दिसते, अशी त्याची समजूत. खरा पेच येथे आहे. साक्षीदार एकच, आणि त्यालाच आपल्या साक्षीचे मोल ठाऊक नाही. स्वमग्न मुलाला तर ती शब्दांत मांडणेही अनेकदा अवघड.

तथापि सारा दोष डोळ्यांवर ढकलणे हेही असत्यच होईल. डोळ्यांची जोडी सुधारण्याच्या व्यायामाचा उपयोग होतो, हे २००८ साली अमेरिकेतील मोठ्या चाचणीत दिसले. परंतु त्याने वाचलेले अधिक समजते काय, हे पाहणाऱ्या २०१९ च्या चाचणीत तो लटक्या उपचाराहून सरस ठरला नाही. रंगीत काचांच्या चष्म्यांचा गाजावाजा तर पुराव्याच्या मानाने फारच मोठा आहे. डोळ्यांचा शीण उतरणे हेच त्या व्यायामाचे फळ मानावे. तेही थोडके नव्हे.

दासबोधात लेखनक्रिया सांगताना समर्थांनी बजावले आहे की, तरुणपणीचे बारीक अक्षर म्हातारपणी कामास येत नाही, म्हणून मध्यम अक्षर काढावे. वाचणाऱ्याच्या डोळ्यांची काळजी लिहिणाऱ्याने वाहावी, हा केवढा विचार! आजोबांना मोठ्या टाइपाची पोथी आपण न मागता आणून देतो आणि त्यांस आळशी म्हणत नाही. नातवाला तीच दिली की मात्र ते लाड ठरतात. ऐकून संहिता मुखोद्गत करणाऱ्या वैदिकाला ज्या समाजाने विद्वान मानले, त्याने पुस्तक पुढे न धरता अध्याय म्हणणाऱ्या मुलाला कमी का लेखावे, हे आम्हांस उमगत नाही.

ज्यांच्या घरी असे मूल आहे, त्यांनी नेत्रतज्ज्ञाकडून नुसता चष्म्याचा नंबर काढून परतू नये. जवळच्या वाचनात दोन्ही डोळे एकत्र वळतात काय, हे तपासून द्या, असे स्पष्ट शब्दांत मागावे. आणि तोवर ओळीखाली एक जाड कागद धरून, दहा-दहा मिनिटांच्या विसाव्याने, वाचू द्यावे.