निकाल आधी, सुनावणी नंतर

जुलै 1908 मध्ये मुंबई उच्च न्यायालयात लोकमान्य टिळकांना राजद्रोहासाठी सहा वर्षांच्या हद्दपारीची शिक्षा झाली. ज्यूरीतल्या सात युरोपियनांनी त्यांना दोषी ठरवले, दोघा भारतीयांनी निर्दोष. गिरणगाव सहा दिवस बंद राहिले. त्याच वर्षी परदेशात परागंदा असलेल्या लेनिनने या निकालावर सडकून टीका केली आणि भारतीय ज्यूरर टिळकांच्या बाजूने होते, याची आवर्जून नोंद केली. डाव्या चळवळीत हा लेख आजही अभिमानाने सांगितला जातो, आणि तो अभिमान रास्त आहे. पण लेनिन स्वतः कायद्याचा पदवीधर होता, त्याने वकिलीही केली होती. राजकीय खटल्यात न्यायाधीश सत्तेच्या बाजूने बसला की काय होते, हे त्याला नेमके कळत होते. म्हणूनच पुढे जे घडले ते मला अधिक अस्वस्थ करते.

नोव्हेंबर 1917 मध्ये, सत्ता हाती येऊन महिनाही झाला नव्हता, तेव्हा बोल्शेविकांनी जुनी न्यायालये एका हुकमाने मोडीत काढली. जुने कायदे क्रांतिकारी विवेकाला पटतील तेवढेच पाळावेत, असे नव्या न्यायाधीशांना सांगण्यात आले. शेजारी क्रांतिकारी न्यायाधिकरणे उभी राहिली. झारची न्यायव्यवस्था वर्गाच्या बाजूने झुकलेली होती, हा आरोप खोटा नव्हता. चूक त्यावरून काढलेल्या निष्कर्षात होती. सगळीच न्यायालये कुणाच्या तरी बाजूची असतात, तर आता ती आमच्या बाजूची असू द्या, असा तो निष्कर्ष. तटस्थ न्यायाधीश मिळणे कठीण आहे, असे म्हणणे वेगळे आणि तटस्थता हेच ढोंग आहे, असे म्हणणे वेगळे. दुसरे मान्य केले की आरोपीच्या हातात काहीच उरत नाही.

मे 1922 मध्ये नवी दंडसंहिता तयार होत असताना लेनिनने न्यायखात्याचे प्रमुख कुर्स्की यांना पत्र लिहिले. न्यायालयाने दहशत संपवायची नाही, तिला तत्त्वाचा आधार देऊन कायदेशीर करायचे, आणि कलमाची शब्दरचना शक्य तितकी व्यापक ठेवायची, असा त्याचा आशय. टिळकांच्या शिक्षेवर टीका केल्याला तेव्हा चौदाच वर्षे झाली होती. प्रतिक्रांतीविषयीचे कुप्रसिद्ध 58 वे कलम याच विचारातून पुढे आले. त्यात कोण सापडेल हे कलम वाचून सांगता येत नसे. ते वापरणाऱ्यावर ठरे.

तरीही 1920 च्या दशकात वाद चालत, वकील बोलत, कायदेपंडित भांडत. पशुकानिससारखा विचारवंत तर समाजवादात कायदाच विरून जाईल, असे मांडत होता. (1937 मध्ये त्यालाही गोळी घालण्यात आली.) कायदा विरला नाही. 1 डिसेंबर 1934 रोजी लेनिनग्राडमध्ये पक्षनेता किरोव्हचा खून झाला आणि त्याच दिवशीच्या तारखेचा हुकूम निघाला. दहशतवादाच्या खटल्यांचा तपास दहा दिवसांत संपवायचा, आरोपपत्र सुनावणीच्या फक्त चोवीस तास आधी द्यायचे, सुनावणीत ना सरकारी वकील ना बचावाचा, अपील नाही, दयेचा अर्ज नाही, मृत्युदंड ताबडतोब अमलात आणायचा. या हुकमातले प्रत्येक कलम न्यायाधीशाचे एकेक काम काढून घेते. अखेरीस त्याच्याकडे सही तेवढी राहते.

ही सही करण्यासाठी गणवेशातला माणूस सोयीचा होता. सोव्हिएत सर्वोच्च न्यायालयाच्या लष्करी मंडळाचा अध्यक्ष वासिली उलरिख 1926 पासून 1948 पर्यंत त्या खुर्चीवर होता. त्याचे शिक्षण रीगाच्या पॉलिटेक्निकमधले, कायद्याचे नव्हे. त्याच्यापुढे येणारे बहुतेक आरोपी सैनिकही नव्हते. लेखक, इंजिनियर, मंत्री, प्राध्यापक असे सगळे लष्करी न्यायाधीशांपुढे उभे केले जात. माझ्या मते यामागचे कारण साधे आहे. सैनिकाला वरच्याचा हुकूम मानायला शिकवलेले असते, आणि ‘न्यायाधीश आमच्या बाजूचा हवा’ या कल्पनेला शेवटी हुकूम मानणाराच माणूस हवा होता. 1937-38 मध्ये गुप्त पोलीस नावांच्या याद्या करत. पहिला वर्ग म्हणजे गोळी, दुसरा म्हणजे छावणी. स्टालिन आणि त्याचे सहकारी यादीवर सह्या करत. त्यानंतर लष्करी मंडळ एकेका माणसाला पंधरा-वीस मिनिटे ‘ऐकून’ घेई. अशा 383 याद्यांचा उल्लेख ख्रुश्चेव्हने 1956 च्या भाषणात केला. ऑक्टोबर 1938 मध्ये उलरिखने स्वतःच वर हिशेब कळवला. दोन वर्षांत 36,157 जणांना शिक्षा, त्यांपैकी 30,514 जणांना मृत्युदंड.

मुंबईत टिळक स्वतःच्या बचावासाठी सुमारे एकवीस तास बोलले. वसाहतीचे ते न्यायालय अन्यायीच होते, तरी त्याला ते ऐकावे लागले.

स्टालिनने सह्या केलेल्या त्या याद्यांपैकी एकीत वीरेंद्रनाथ चट्टोपाध्याय हे नाव होते. सरोजिनी नायडूंचा हा भाऊ लंडनमध्ये सावरकरांच्या वर्तुळात वावरला, पहिल्या महायुद्धात त्याने बर्लिनहून क्रांतीचे जाळे विणले. 1921 मध्ये तो साथीदारांना घेऊन मॉस्कोत मदत मागायला गेला. त्या साथीदारांत आपले वर्ध्याकडचे पांडुरंग खानखोजेही होते. खानखोजे पुढे मेक्सिकोत जाऊन शेतीशास्त्रज्ञ झाले आणि म्हातारपणी मायदेशी परतले. वीरेंद्रनाथ मात्र पुढे बर्लिनहून सोव्हिएत देशात जाऊन राहिला. 2 सप्टेंबर 1937 रोजी लष्करी मंडळाने त्याला मृत्युदंड सुनावला आणि तो त्याच दिवशी अमलात आणला. ब्रिटिशांना जो माणूस आयुष्यभर हाती लागला नाही, त्याचा शेवट मित्रराष्ट्र समजलेल्या देशात झाला. आपल्याकडच्या क्रांतिकारकांच्या चरित्रमालांत हे पान फार कमी ठिकाणी सापडते, आणि ते सापडायला हवे.

उरतो एक प्रश्न. खोलीत नेऊन गोळीच घालायची, तर न्यायालय हवेच कशाला? लाखो सामान्य माणसांसाठी त्यांनी ते ठेवलेही नव्हते. त्यांची नावे तिघांच्या समित्या निकालात काढत. पण पक्षाच्या आणि लष्कराच्या वरच्या माणसांसाठी निकालपत्र लागे, कारण त्यावर सही करणारा प्रत्येकजण त्या कृत्यात बांधला जाई. जून 1937 मध्ये मार्शल तुखाचेव्स्की आणि सात सेनानींचा खटला एका दिवसात उरकला. उलरिखच्या सोबतीला न्यायासनावर आठ नामवंत सेनाधिकारी बसवले होते. 1938 संपेपर्यंत त्यांतल्या पाच जणांचा गोळीने किंवा कोठडीतल्या मारहाणीने अंत झाला आणि सहाव्याने आत्महत्या केली. बुद्योन्नी आणि शापोश्निकोव्ह तेवढे वाचले. बाजू धरणाऱ्या न्यायाधीशाला ती बाजू वाचवत नाही.

फेब्रुवारी 1940 मध्ये नाट्यदिग्दर्शक मेयरहोल्ड याच मंडळापुढे उभा राहिला. पासष्ट वर्षांच्या आजारी माणसाला रबरी पट्ट्याने तळपायांवर आणि पाठीवर कसे मारले, हे त्याने सरकारप्रमुख मोलोतोव्हला पत्रातून कळवले होते. जबरदस्तीने घेतलेला जबाब त्याने मागे घेतला. कुठल्याही न्यायाधीशाला थांबून चौकशी करायला एवढे पुरेसे होते. निकाल मात्र ठरलेलाच होता.

स्टालिन गेल्यावर याच लष्करी मंडळाने 1955 मध्ये मेयरहोल्डला आणि 1957 मध्ये तुखाचेव्स्कीला निर्दोष ठरवले. हे काम करणाऱ्यांत काही तरुण, प्रामाणिक माणसे होती आणि त्यांचा आदर केला पाहिजे. पण निर्दोषत्वाचे दारही वरून परवानगी आल्यावरच उघडले. 1934 चा हुकूम एप्रिल 1956 मध्ये रद्द झाला. उलरिख त्याआधीच, 1951 मध्ये वारला. त्याच्यावर कधीही खटला चालला नाही आणि मॉस्कोच्या प्रतिष्ठित नोवोदेविची स्मशानभूमीत त्याचे दफन झाले.