बेगड भिंतीवर असू दे, मनात नको

॥ श्री गणेशाय नमः ॥

आजचं वाचन : श्रीमद्भागवत, स्कंध 11, अध्याय 27 (क्रियायोग)



गणपती अगदी तोंडावर आलेत. पुण्यात बोहरी आळीत आणि मुंबईत क्रॉफर्ड मार्केटला पाय ठेवायला जागा नसेल. जरीची लेस, कुंदन, आरसे, सोनेरी कागद, टिकल्यांची पाकिटं. 2018 मध्ये राज्यात थर्माकोलच्या मखरांवर बंदी आली, तेव्हापासून पुठ्ठा, कापड आणि कॅनव्हासवर हाताने केलेली सजावट बऱ्याच घरांत दिसते.

आमच्या टीममधला एक मुलगा यंदा घरी जाऊ शकत नाहीये. घरचा गणपती गावी, आणि ह्याची ऐन चतुर्थीच्या आठवड्यात रिलीज. चार मित्रांत मिळून घेतलेला फ्लॅट, त्यात मूर्ती बसवायला ना जागा, ना सगळ्यांची तयारी. मग त्याने एक कॅनव्हास आणला, पेन्सिलने गणपतीची आकृती काढली आणि रोज रात्री जेवण झालं की तो त्यावर टिकल्या चिकटवत बसतो. परवा मला म्हणाला, "दादा, हे शेवटी डेकोरेशनच ना? मूर्ती नसताना नुसत्या भिंतीवरच्या चित्राची पूजा केली तर ती पोचते का?"

प्रश्न टिकल्यांचा नाही. घरापासून लांब, एका खोलीत, देव माझ्याकडे येईल का, असा तो प्रश्न आहे. म्हणून आज हा अध्याय.

उद्धव भगवंतांना विचारतो, तुमची आराधना नेमकी कशी करायची ते मला सांगा. ही उपासना सगळ्या वर्णांना, आश्रमांना आणि स्त्रियांनाही कल्याणाची आहे, असंही तोच म्हणतो. भगवंत म्हणतात, बाबा रे, कर्मकांडाला अंतच नाही, मी थोडक्यात सांगतो. आणि मग प्रतिमेचे आठ प्रकार येतात : दगडाची, लाकडाची, धातूची, मातीच्या लेपाची, चित्रात काढलेली, वाळूची, मनात कल्पिलेली आणि रत्नांची.

ही यादी पुन्हा एकदा सावकाश वाचा. चित्र तिथे रत्नाच्याच ओळीत बसलंय. 'मूर्ती मिळाली नाही तर चित्र चालेल' अशी तळटीप नाही. एकीत देव जास्त आणि दुसरीत कमी, असंही कुठे म्हटलेलं नाही. भिंतीवरचा टिकल्यांचा गणपती ही मूर्तीची उसनी जागा नव्हे, ती स्वतःच प्रतिमा आहे. आणि भगवंत प्रतिमेला काय म्हणतात? जीवमंदिर! जीवमात्राचा आसरा असलेल्या देवाचं राहतं घर.

पुढे शास्त्र किती व्यवहारी होतं पाहा. जी प्रतिमा पाण्याने बिघडेल तिला स्नान घालू नका, नुसती पुसून घ्या. म्हणजे कागदावर, कॅनव्हासवर केलेल्या देवाची काळजी फार पूर्वीच घेतलेली आहे! आपल्याकडे अशा वेळी समोर सुपारी ठेवून तिच्यावर अभिषेक करायची रीत आहेच. एकनाथ महाराजांनी ह्या अकराव्या स्कंधावर 18 हजारांहून अधिक ओव्यांची मराठी टीका लिहिली आणि 1573 मध्ये काशीत ती पूर्ण केली. ज्याला संस्कृत येत नाही त्याच्याही घरात हे पोचावं, ही तळमळ त्यामागे होती. मग आपणच 'माझं चालेल का' म्हणून दारात का अडून राहायचं?

अट मात्र एक आहे, आणि ती सोपी नाही. भक्त 'अमायी' हवा. त्याच्याकडे सहज जे मिळेल ते चालेल, पण कपट नको. श्रद्धेने दिलेलं पाणीसुद्धा मला प्रिय आहे, असं भगवंत म्हणतात, आणि भक्ती नसलेल्याने ढीगभर आणून ओतलं तरी मला त्यात संतोष नाही.

इथे मला आपल्या भाषेतला एक शब्द आठवतो. सजावटीला लावतात त्या चकचकीत पातळ पत्र्याला किंवा कागदाला आपण 'बेगड' म्हणतो. आणि वरवरच्या, खोट्या गोष्टीला म्हणतो 'बेगडी'. बिचाऱ्या बेगडाचा ह्यात काय दोष? ते काही सोनं असल्याचा दावा करत नाही. ते मखरावर चमकतं, देव उठून दिसतो, संपलं त्याचं काम. दावा माणूस करतो. म्हणून बेगड भिंतीवर खुशाल लावा. ते मनाला लागलं की भक्ती बेगडी होते.

ओळखायचं कसं? स्वतःलाच विचारायचं : ह्याचा फोटो कुठेच जाणार नसेल, कोणी 'वा' म्हणणार नसेल, तर मुकुटाची शेवटची ओळ मी इतक्याच प्रेमाने लावीन का? फोटो टाकायला हरकत नाही. घरी आईला तर जरूर पाठवा. पण आधी देवाला दाखवा, मग जगाला.

अजून एक गंमत. टिकली अंधारात चमकत नाही. तिच्याकडे स्वतःचा प्रकाश नसतो, समोरचा प्रकाश ती परत देते. एलईडीची पट्टी स्थिर असते, त्यामुळे टिकल्याही जागच्या जागी उजळून राहतात. निरांजनाची ज्योत हलते, म्हणून आरतीच्या वेळी दर क्षणाला वेगळी टिकली लुकलुकते आणि सगळं चित्र जिवंत वाटतं. गीतेच्या पंधराव्या अध्यायात भगवंत सांगतात की सूर्यातलं, चंद्रातलं, अग्नीतलं तेज माझंच आहे. आपल्यातली हुशारी, कला, पगार, हेही तसंच. आपण टिकल्या आहोत. त्याच्या समोर राहायचं, एवढंच आपलं काम.

त्या मुलाला मी जे सांगितलं तेच तुम्हालाही सांगतो.

आजची साधना : चित्र करत असाल तर मुकुटासाठी 108 टिकल्या मोजून घ्या. एक टिकली, एक नाम. घाई नको. सोंडेचं वळण डोळे मिटून दिसायला लागलं, की समजा यादीतली मनोमयी प्रतिमाही तयार झाली. ती कुठल्याही भाड्याच्या खोलीत आपल्याबरोबर येते.

पूजेत निरांजन चित्रापासून हातभर लांब ठेवा, कापड आणि कागद पटकन पेटतो. उत्तरपूजेनंतर चित्र पाण्यात सोडू नका. आजच्या टिकल्या आणि ग्लिटर बहुतेक प्लॅस्टिकचेच असतात, ते नदीत कशाला? अक्षता वाहा, 'पुन्हा या' म्हणा, सुती कापडात गुंडाळून जपून ठेवा. पुढच्या वर्षापर्यंत चार टिकल्या गळतील. त्या पुन्हा लावताना पुन्हा चार नामं होतील.

गजानना, आमच्या हातून जे होईल ते गोड मानून घे, आणि त्यात खोट राहू देऊ नकोस.

मंगलमूर्ती मोरया! 🙏