शपथ मोडली तरी दार उघडं

॥ श्री गुरुदेव दत्त ॥


गुरुवारच्या सत्संगात महाराजांनी केलेलं निरूपण सेवेकऱ्यांनी उतरवून घेतलं, तसंच देत आहोत. आपापल्या घरच्या ग्रुपवर पाठवावं. ज्या वडीलधाऱ्यांना मोबाईलवर वाचायला त्रास होतो त्यांना कुणीतरी वाचून दाखवावं.

मंडळी, आज पोथी थोडी उशिरा उघडू. आधी पादुकांपाशी येणाऱ्या चिठ्ठ्यांबद्दल बोलायचं आहे. कुणाच्या मुलीचं लग्न, कुणाची नोकरी, कुणाचा कोर्टातला दावा. आणि मग कितीतरी चिठ्ठ्यांत तेच एक वाक्य, फक्त अक्षर वेगळं. "यांची दारू सुटू दे." "मुलाचं व्यसन जाऊ दे." या चिठ्ठीला चार घड्या घातलेल्या असतात, कारण शेजारी बसलेल्या बाईला दिसायला नको. आणि खरं सांगू का? त्या शेजारच्या बाईच्या मुठीतही तसलीच चिठ्ठी असते. दोघी एका सुरात आरती म्हणतात, एकमेकींच्या हातावर प्रसाद ठेवतात, आणि दोघींनाही वाटतं की असलं घर फक्त आपलंच.

मग आपण काय करतो? त्या माणसाला धरून मठात आणतो. पादुकांवर हात ठेवायला लावतो. "घे शपथ, जन्मात शिवणार नाही." तो घेतो. त्या क्षणी त्याच्या मनात खोट नसते, डोळ्यांत पाणी असतं. पंधरा दिवस, महिना बरा जातो. मग कुणाच्या तरी लग्नाची वरात येते, शिमगा येतो, नाहीतर पगाराची संध्याकाळ येते. आणि पाय घसरतो.

आता नीट ऐका. दारू प्यायला ही एक गोष्ट झाली. गुरूंपुढची शपथ मोडली ही दुसरी, आणि ही दुसरी त्याला जास्त जाळते. दुसऱ्या दिवशी उतरल्यावर त्याला तोंड दाखवायची लाज वाटते. तो सत्संगाला यायचा थांबतो. मठावरून जाणारा रस्ता सोडून लांबच्या गल्लीनं घरी जातो. म्हणजे ज्या दाराची त्याला सगळ्यात जास्त गरज होती, ते दार आपणच शपथेची कडी घालून बंद केलं. म्हणून सांगतो, इथून पुढं या मठात कुणाकडून जन्माची शपथ घ्यायची नाही. आजच्या दिवसापुरतं विचारा. उद्याचं उद्या.

काही जण म्हणतील, महाराज, नामस्मरण वाढवलं की आपोआप सुटेल. नाम मोठं आहेच. पण व्यसन हा आजार आहे, तो शरीरात बसतो. वर्षानुवर्षं रोज पिणाऱ्या माणसानं एकदम बंद केलं तर काही तासांत हात थरथरतात, घाम फुटतो, झोप उडते. पहिल्या दोन दिवसांत फिट येऊ शकते. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी काहींना भ्रम होतो, नसलेली माणसं दिसतात, भिंतीवर किडे दिसतात. घरच्यांना वाटतं बाहेरचं काही लागलं. बाहेरचं काही नाही, मेंदू दारूवाचून गडबडलेला असतो, आणि यात जीवही जाऊ शकतो. अशा माणसाला अंगारा लावून खोलीत कोंडून ठेवायचं नाही. आधी डॉक्टर, अंगारा मागून. धारवाडला डिमहान्स आहे, बांबोळीला सरकारी मानसोपचार रुग्णालय आहे, ग्वाल्हेरला मानसिक आरोग्यशाला आहे. कुठं जायचं कळत नसेल तर १४४४६ हा नशामुक्तीचा सरकारी फोन आहे, पैसे पडत नाहीत. गोळी घेतली म्हणून श्रद्धा उणी होत नाही. डोळ्यांना चष्मा लावून पोथी वाचताच ना?

बरं, दवाखाना झाला. माणूस घरी आला. गल्ली तीच, मित्र तेच, संध्याकाळचे सात तेच. खरा प्रश्न इथून सुरू होतो. सात वाजता त्याच्याजवळ कोण बसणार?

थोडा वेगळा विचार करून बघा. बारमध्येसुद्धा एक प्रकारचा सत्संग चालतो, हसू नका. ठरलेली वेळ, ठरलेली जागा, ठरलेली मंडळी. एक दिवस गेला नाही तर दुसऱ्या दिवशी विचारतात, "काल कुठं होतास रे?" आपल्यात कोण तीन गुरुवार आला नाही तर किती जण फोन करतात? त्या माणसाला दारूनं जे दिलं त्यात नशा होती, तशी सोबतही होती. आपण नशेबरोबर सोबतही काढून घेतो, आणि बदल्यात काय देतो? घरात पाऊल टाकलं की तोंडाचा वास घेणं, आणि खिसे तपासणं.

आता तुम्हाला लांबची एक गोष्ट सांगतो. अमेरिकेतल्या अॅक्रन गावची, १९३५ सालची. न्यूयॉर्कचा बिल विल्सन नावाचा शेअर बाजारातला माणूस. दारूनं पार धुळीला मिळालेला, पण पाचेक महिने सुटलेला. त्या महिन्यांत त्यानं कितीतरी पिणाऱ्यांना उपदेश केला, एकाचीही सुटली नाही. मे महिन्यात तो धंद्याच्या कामासाठी अॅक्रनला गेला. काम फसलं. परक्या गावात, हॉटेलच्या दारात एकटा उभा. एका बाजूला बार, आतून हसण्याखिदळण्याचा आवाज. जीव तिकडं ओढ घ्यायला लागला. आपल्यापैकी कुणी असतं तर डोळे मिटून देवाचा धावा केला असता. त्यानं फोन उचलला. गावातल्या चर्चवाल्यांना विचारत सुटला, "इथं माझ्यासारखा दारूनं पिडलेला कुणी आहे का? मला त्याच्याशी बोलायचं आहे."

बघा हं, मला वाचवणारा कुणी आहे का, असं त्यानं विचारलं नाही. माझ्यासारखा कुणी आहे का, असं विचारलं. विचारत विचारत त्याला डॉक्टर बॉब स्मिथ भेटले. शस्त्रक्रिया करणारे मोठे डॉक्टर, पण दारूनं हात कापायचे. उपदेशाला कंटाळलेले. "पंधरा मिनिटं बसेन, जास्त नाही," असं घरात सांगून आले होते. संध्याकाळी पाचला बसले, उठले तेव्हा रात्रीचे अकरा वाजून गेले होते. कारण समोरच्यानं उपदेश केलाच नाही. आपलं स्वतःचं सांगितलं, इतकंच. डॉक्टरांना आयुष्यात पहिल्यांदा असा माणूस भेटला की ज्याला काही समजावून सांगावं लागत नव्हतं.

आणि पुढचा भाग मला सगळ्यात मोलाचा वाटतो. या भेटीनंतर डॉक्टर बॉब पुन्हा प्यायले. परगावी डॉक्टरांच्या परिषदेला गेले आणि पार घसरले. तोपर्यंत बिल त्यांच्याच घरी राहायला आला होता. तो रागावून निघून गेला नाही. डॉक्टर परत आले, त्यांना सांभाळलं, आणि १० जून १९३५ ला डॉक्टरांनी शेवटचा घोट घेतला. आज जगभर जे अल्कोहोलिक्स अॅनॉनिमसचे गट चालतात, गोव्यात चालतात, मुंबई-पुण्यात चालतात, ते आपला जन्मदिवस कोणता मानतात ठाऊक आहे? दोघं भेटले तो दिवस नव्हे. घसरलेला माणूस परत आला तो हा दिवस.

त्या गटांत फी नाही, आडनाव सांगावं लागत नाही, आणि धर्म कोणता हे कुणी विचारत नाही. पुण्यात १९८६ साली डॉ. अनिता अवचट आणि अनिल अवचट यांनी मुक्तांगण सुरू केलं, पु. ल. देशपांडे आणि सुनीताबाई पाठीशी उभे राहिले. तिथंही हेच दिसेल. काल जो खाटेवर होता तो आज नव्या आलेल्याच्या उशाशी बसलेला असतो. "मला कळतंय" हे त्यानं म्हटलं तर पटतं. मी म्हटलं तर पटणार नाही, कारण मी कधी घेतलेली नाही. मी गादीवर बसून कितीही गोड बोललो तरी ते वरून आल्यासारखंच वाटणार.

कुणी म्हणेल, नुसत्या बोलण्यानं काय होतंय? गोव्यातल्या सरकारी आरोग्य केंद्रांत याचा नीट अभ्यास झाला आहे, २०१७ साली तो 'लॅन्सेट'मध्ये छापून आला. तब्येतीला घातक होईल इतकं पिणारे, पण अजून पुरते आहारी न गेलेले ३७७ पुरुष. त्यांतल्या निम्म्यांशी बोलायला शिकवून तयार केलेली साधी माणसं दिली, डॉक्टर नव्हेत. तीन महिन्यांनी त्या गटातले शंभरात ३६ सावरले, दुसऱ्या गटातले २६. फरक दहाचा. चमत्कार म्हणणार नाही मी. पण त्या दहांच्या बायकांना विचारा, दहा म्हणजे किती ते.

आता आपल्या घरचंच उदाहरण. ज्ञानोबा माउलींचा पालखी सोहळा आज ज्या रूपात चालतो तो हैबतबाबा आरफळकरांनी घालून दिला. हैबतबाबा शिंद्यांच्या पदरी ग्वाल्हेरला होते, आपल्या ग्वाल्हेरच्या मंडळींना याचा अभिमान असतो. आणि माउलींचे अश्व निघतात आपल्या बेळगाव जिल्ह्यातल्या अंकलीहून, शितोळे सरकारांकडून. त्या सोहळ्यात मुक्कामाला पोचलं की समाज आरती होते. सगळ्या दिंड्या गोल उभ्या, टाळ-मृदंगाचा नुसता कल्लोळ. चोपदार चोप उंच करतो, आणि एका क्षणात सगळं शांत. पण ज्या दिंडीची काही तक्रार असेल, ती दिंडी टाळ वाजवतच राहते. मग चोपदार तिच्याकडं जातात, काय झालं ते विचारतात, सोडवतात. वाटेत हरवलेल्या-सापडलेल्या वस्तूंची नावं पुकारतात. आणि मग आरती. दुखणं कानावर घेतल्याशिवाय लाखाचा समाजसुद्धा आरतीला हात लावत नाही.

आपल्या मठात काय चालतं? ज्याचं दुखतंय त्याला आपण सांगतो, "गप्प बस, चार माणसांत नको." टाळ वाजवणाऱ्यालाच बाहेर काढतो. तो बार उघडाच असतो, तो त्याला आत घेतो.

ताई-माईंनो, आता तुमच्याशी. तुमचा काही दोष नाही, हे आधी मनावर लिहून ठेवा. "तूच नीट वागत नसशील म्हणून तो पितो" असं सांगणारी सासू असो की शेजारीण, ऐकायचं नाही. त्याच्यासाठी साहेबाला फोन करून "ताप आलाय" असं खोटं सांगू नका. बारची उधारी फेडू नका. जेवायला वाढा, औषध द्या, प्रेमानं बोला, पण त्यानं सांडलेलं तुम्ही पुसत बसू नका. आणि मारहाण होत असेल तर प्रारब्ध म्हणून सोसायचं नाही. मुलं घेऊन बाहेर पडा, १८१ ला फोन करा, इथं या. नवरा सुटेपर्यंत बायकोनं वाट बघत झिजायचं, असं कुठल्याच शास्त्राचं म्हणणं नाही. बिल विल्सनची बायको लोइस हिनंसुद्धा पुढं १९५१ साली घरच्यांसाठी वेगळे गट बांधले, कारण पिणाऱ्याइतकाच घरचा माणूसही आतून खचलेला असतो. त्या चार घड्यांच्या चिठ्ठ्या घेऊन बसणाऱ्या दोघींनी एकमेकींकडं तोंड केलं, तरी निम्मं ओझं उतरेल.

आणि तो घसरून परत आला तर? तेव्हा कुणी "बघितलंस, सांगितलं होतं ना" म्हणायचं नाही. "गुरूंना फसवलंस" तर मुळीच नाही. गुरू फसत नसतात, त्यांची काळजी करू नका. "आलास? बस. जेवलास का?" एवढंच. मग तो आपणहून बोलेल. आपल्याला वाटतं, सहा महिने राहिला आणि एक दिवस प्यायला म्हणजे सगळं पाण्यात गेलं. सहा महिने पाण्यात जात नाहीत. दिंडीत कुणाचे पाय सोलले तर त्याला आळंदीला परत पाठवतात का? पट्टी बांधतात आणि तिथूनच पुढं चालवतात.

आपल्या परिवारात ज्यांची सुटून काही वर्षं झाली आहेत असे चार-पाच जण मला ठाऊक आहेत. नावं घेणार नाही. त्यांना माझी हात जोडून विनंती आहे. तुम्ही सुटलात आणि गप्प राहिलात, कारण जुनं उकरायला नको. समजतं मला. पण जे तुमच्याजवळ आहे ते माझ्याजवळ नाही. एखाद्या नव्या माणसाबरोबर संध्याकाळी सात ते नऊ चालायला जा. बोलायला काही सुचलं नाही तरी चालेल. अॅक्रनच्या त्या माणसाची गोष्ट ध्यानात घ्या, दुसऱ्याला धरायला गेला म्हणून तो स्वतः उभा राहिला.

तंबाखू, गुटखा, मोबाईलवरची पैशांची रमी, यांनाही हेच लागू. रमीवाला तर तोंडाला वास येत नाही म्हणून घर विकेपर्यंत सापडत नाही.

व्यवस्था अशी ठरवली आहे. येत्या गुरुवारपासून आरतीनंतर मागची खोली उघडी राहील. पुरुषांनी तिथं बसायचं, बायकांसाठी वरची खोली. सेवेकऱ्यांनी आत जायचं नाही, मीही जाणार नाही. ज्यांनी भोगलं आहे त्यांनीच बसायचं. खोलीत ऐकलेलं खोलीतच ठेवायचं, ग्रुपवर नावं टाकायची नाहीत, फोटो नाहीत, आणि "अमुकनं सोडली, अभिनंदन" अशी पोस्टही नको. दुसऱ्या गावच्या केंद्रांनी आपापली जागा आणि वेळ ठरवून कळवावं. चहा मठाकडून. चहाबरोबर लाडू किंवा गूळ-शेंगदाणे ठेवा, कारण दारू सोडलेल्या माणसाला सुरुवातीच्या दिवसांत गोडाची फार ओढ लागते.

॥ अवधूत चिंतन श्री गुरुदेव दत्त ॥