विकर्णाचे एक भाषण

१९८८ ते १९९० या काळात रविवारी सकाळी दूरदर्शनवर ‘महाभारत’ दाखवीत, आणि सोलापुरातील आम्हा कॅथॉलिक मंडळींची पावले मिस्सेहून परतताना भरभर पडत. मुले अर्जुनावर, कर्णावर लुब्ध होती. आमचे मन मात्र विकर्णापाशी घुटमळले, ते अजून तेथून निघालेले नाही.

द्यूतसभेत द्रौपदीने प्रश्न विचारला तेव्हा धर्माची गती सूक्ष्म आहे असे म्हणून भीष्मांनी उत्तर टाळले. त्या वेळी उठला तो धृतराष्ट्राचा हा मुलगा. स्वतःलाच आधी हरून बसलेल्या युधिष्ठिराला द्रौपदीस पणाला लावण्याचा अधिकार उरलेला नाही, हे त्याने भरसभेत सांगितले. कर्णाने त्याला पोरकट ठरवून गप्प केले. पुढे हाच विकर्ण दुर्योधनाच्याच बाजूने लढला आणि युद्धाच्या चौदाव्या दिवशी भीमाच्या हातून पडला. त्याला मारून भीमही हळहळला.

मग त्या भाषणाचे मोल काय? त्याचा सावत्र भाऊ युयुत्सू (हे नाव तर मुलांच्या ध्यानातही राहिले नाही) युद्धारंभी सरळ पांडवांकडे निघून गेला. अखेरीस महाप्रस्थानास निघताना युधिष्ठिराने राज्याची देखरेख त्याच्यावरच सोपविली. युयुत्सूविषयी आम्हांस आदर वाटतो, पण जीव जडला आहे तो विकर्णावर. याचे कारण फारसे भूषणावह नाही.

येथील एका कचेरीत आम्ही नोकरीस असताना एका शिपायावर चोरीचा आळ आला. निदान त्याचे म्हणणे ऐकून घ्यावे, असे आम्ही बैठकीत म्हणालो. वरिष्ठ हसले. संध्याकाळी त्याला कामावरून काढण्याच्या कागदावर इतरांबरोबर आमचीही सही पडली. आम्ही बोललो तरी होतो, या समाधानावर पुष्कळ दिवस काढले.

संत योहानाच्या शुभवर्तमानातील निकदेमानेही धर्मसभेत नेमकी हीच मागणी केली होती: माणसाचे ऐकल्यावाचून त्याला दोषी ठरवू नये. तूही गालीलचाच काय, असे म्हणून त्यालाही हिणविण्यात आले. परंतु प्रभूच्या मरणानंतर तो गंधरस व अगरू घेऊन दफनासाठी आला. उशिरा आला, पण आला.

विकर्णाला तेवढी सवड मिळाली नाही. आम्हांस मिळाली होती. तो शिपाई पुढे कित्येक वर्षे मंगळवार पेठेत हातगाडी लावून उभा असे, आणि त्याची गाडी दिसली की आम्ही पलीकडच्या बोळाने जात असू.