ज्ञान, ज्ञानाभास आणि आठव

एखादा मनुष्य शिकला असे जेव्हा म्हटले जाते, तेव्हा त्याच्या ठिकाणी नेमके काय घडलेले असते, हा प्रश्न दिसतो तितका सोपा नाही. त्याने ऐकले, हे श्रवण झाले. त्याने वाचले, हे वाचन झाले. ऐकताना आणि वाचताना त्याला ते समजल्यासारखे वाटले, हे समाधान झाले. परंतु श्रवण, वाचन आणि समाधान ही तिन्ही घडली म्हणजे ज्ञान झालेच, असा निश्चय करता येत नाही. ज्याला काही कळत नाही तो अज्ञ होय. त्याला आपली उणीव ठाऊक असते, म्हणून तो विचारतो. ज्याला कळले नसून कळल्यासारखे वाटते त्याची अवस्था अधिक बिकट आहे. त्याला उणीवच दिसत नाही, म्हणून तो विचारीत नाही. शास्त्रात अज्ञान आणि अन्यथाज्ञान असा भेद केलेला आहे. त्याचा तात्त्विक अर्थ जीवाच्या बंधनाशी निगडित असून तो विषय स्वतंत्र आहे. येथे शाळा, व्यवसाय आणि एकंदर आयुष्य यांत मनुष्य जे शिकतो तेवढ्यापुरताच विचार करावयाचा आहे. प्रतिपाद्य असे की, ज्ञानाची कसोटी समजल्याच्या समाधानात नसून आधारावाचून आठवण्यात आहे; आणि ही कसोटी टाळणे हा अभ्यासातील आळस तर आहेच, पण नैतिक दोषही आहे.

विस्मरणाचा स्वभाव

प्रथम विस्मरणाचा विचार करू. विस्मरण हे सर्वांना अनुभवाने ठाऊक आहे. परंतु त्याचे मोजमाप करण्याचा पद्धतशीर प्रयत्न जर्मनीतील हेर्मान एबिंगहाउस या विद्वानाने केला आणि इ. स. १८८५ मध्ये तो ग्रंथरूपाने प्रसिद्ध केला. त्याने प्रयोग केले ते स्वतःवरच. पूर्वपरिचयाचा लाभ मिळू नये म्हणून त्याने निरर्थक अक्षरगटांच्या माला पाठ केल्या, ठराविक काळ मध्ये जाऊ दिला आणि त्याच माला पुन्हा पाठ करण्यास पहिल्यापेक्षा किती श्रम कमी पडतात हे मोजले. एका तासानंतर निम्म्याहूनही कमी श्रम वाचत. एका दिवसानंतर सुमारे एक तृतीयांश. एका महिन्यानंतर सुमारे एक पंचमांश. म्हणजे विसरणे आरंभी अत्यंत वेगाने होते आणि पुढे त्याचा वेग मंदावतो. अर्थपूर्ण विषय इतक्या त्वरेने विसरत नाहीत हे खरे. तथापि विस्मरणाची ही चाल तेथेही ओळखू येते.

त्याच ग्रंथात आणखी एक गोष्ट नोंदलेली आहे, ती विद्यार्थ्याने ध्यानात धरावी अशी आहे. बारा अक्षरगटांची माला आदल्या दिवशी सलग ६८ वेळा म्हणून जे साधले, तेच आधीच्या तीन दिवसांत विभागून अवघ्या ३८ आवृत्त्यांत साधले. श्रम जवळजवळ निम्म्यावर आले ते केवळ मध्ये काळ जाऊ दिल्यामुळे. परीक्षेच्या आदल्या रात्री जागरण करणारा विद्यार्थी आळशी असतो असे नाही. तो पुष्कळ श्रम करतो, परंतु ते अशा रीतीने करतो की त्यांतील मोठा भाग वाया जातो.

वाचणे आणि आठवणे

आता मुख्य मुद्द्याकडे वळू. पुन्हा पुन्हा वाचणे आणि पुन्हा पुन्हा आठवणे, यांत भेद आहे काय? सामान्य समज असा की, वाचल्याने शिक्षण होते आणि आठवणे ही नंतर घ्यावयाची केवळ परीक्षा आहे. अमेरिकेतील सेंट लुईस येथील वॉशिंग्टन विद्यापीठात रोडिगर आणि कार्पिक या दोघा संशोधकांनी इ. स. २००६ मध्ये या समजाची परीक्षा केली. विद्यार्थ्यांच्या एका गटाने एक गद्य उतारा चार बैठकांत वाचला. दुसऱ्या गटाने तो एकाच बैठकीत वाचला आणि उरलेल्या तीन बैठकांत उतारा समोर नसताना आठवेल तेवढा लिहून काढला. पाच मिनिटांनंतर पाहता वाचणाऱ्यांना ८३ टक्के भाग आठवत होता आणि लिहिणाऱ्यांना ७१ टक्के. इतक्यावरच कोणी निर्णय दिला असता तर वाचन श्रेष्ठ ठरले असते. परंतु एक आठवडा लोटल्यावर वाचणाऱ्यांजवळ ४० टक्के उरले आणि आठवणाऱ्यांजवळ ६१ टक्के.

या आकड्यांहूनही अधिक विचार करावयास लावणारी गोष्ट पुढे आहे. अभ्यास संपताच दोन्ही गटांना विचारले होते की, आठवड्यानंतर तुम्हाला हे कितपत आठवेल. ज्यांनी चारही बैठकांत वाचले होते त्यांचा आत्मविश्वास अधिक होता. ज्यांनी आठवण्याचे कष्ट केले होते त्यांचा कमी. तात्पर्य, ज्याचे ज्ञान लवकर जाणार होते त्यालाच ते राहील अशी खात्री वाटत होती. वाचन सुलभ होते, अक्षरे ओळखीची वाटू लागतात, आणि त्या ओळखीलाच मन ज्ञान समजते. ओळखणे आणि जाणणे यांतील हा भेद जेथे लोपतो तेथेच ज्ञानाभास उत्पन्न होतो.

शंका आणि समाधान

यावर कोणी शंका घेईल की, हे तर जुन्या घोकंपट्टीचेच समर्थन झाले. परंतु तसे नाही. पोथी समोर ठेवून तीच ओळ शंभर वेळा उच्चारणे हे आठवणे नव्हे. तेथे डोळा पुढे चालतो आणि जीभ त्याच्या मागून जाते. आठवण्यात पोथी मिटावी लागते. अर्थ कळला नसेल तर पोथी मिटताक्षणीच ते उघड होते, कारण ज्याचा अर्थ लागलेला नाही ते स्वतःच्या शब्दांत सांगता येत नाही. म्हणून आठवण्याचा अभ्यास हा अर्थबोधाचा वैरी नसून त्याचा परीक्षक आहे.

दुसरी शंका अशी की, ग्रंथ छापलेले आहेत आणि आता तर खिशातील यंत्रावर हवे ते क्षणात पाहता येते. मग स्मरणाचे ओझे कशासाठी? याचे उत्तर असे की, विचार करताना मनापाशी जे असते त्याचाच उपयोग होतो. जे कपाटात आहे त्याचा शोध घ्यावा, एवढे सुचण्यासाठीही काही तरी मनात असावे लागते. ज्याला रोगाचे लक्षण आठवत नाही, तो ग्रंथाचे कोणते पान उघडणार? शिवाय ग्रंथ नाहीसे होतात हाही इतिहास आहे. म्हाइंभटांनी ठिकठिकाणी जाऊन, ज्यांनी पाहिले व ऐकले त्यांना विचारून, श्रीनागदेवाचार्यांकडून पडताळून लीळा संकलित केल्या. पुढे स्वारीच्या धामधुमीत मूळ पोथी हरपली, तेव्हा ज्यांच्या स्मरणात लीळा होत्या त्यांच्या आधारे ग्रंथ पुन्हा सिद्ध झाला, असे परंपरा सांगते. लीळाचरित्राचे भिन्न भिन्न पाठ आज उपलब्ध आहेत, ते या घटनेची साक्ष देतात. त्यांतून स्मरणाचे सामर्थ्य दिसते, तशी त्याची मर्यादाही दिसते; कारण दोघांच्या स्मरणात भेद पडू शकतो. म्हणूनच केवळ आठवणे पुरत नाही. आठवलेले दुसऱ्यापुढे ठेवून शुद्ध करून घ्यावे लागते. म्हाइंभटांच्या कार्यात विचारणे आणि पडताळणे ही दोन्ही अंगे होती, हे विसरून चालणार नाही.

दृष्टान्तापासून दार्ष्टान्तिकापर्यंत

तिसरी गोष्ट उपयोजनाची. एके ठिकाणी शिकलेले दुसऱ्या ठिकाणी आपोआप उपयोगी पडते, असे गृहीत धरले जाते. गिक आणि होलिओक या संशोधकांनी इ. स. १९८० मध्ये हे पडताळून पाहिले. विद्यार्थ्यांना प्रथम एक गोष्ट दिली : एका सेनापतीला किल्ला घ्यावयाचा आहे, पण सर्व सैन्य एका वाटेने नेता येत नाही, म्हणून तो लहान लहान तुकड्या अनेक वाटांनी पाठवून एकाच वेळी किल्ल्यापाशी आणतो. नंतर एक वैद्यकीय प्रश्न दिला : पोटातील गाठ तीव्र किरणांनी नष्ट करावयाची आहे, पण वाटेतील निरोगी भागास इजा होता कामा नये. उत्तर गोष्टीतच होते. तरीही, गोष्टीचा उपयोग करा असे सुचविल्यावाचून ते थोड्यांनाच सापडले. सुचविताच बहुतेकांना सापडले. गोष्ट सर्वांना ठाऊक होती, पण ती त्या प्रश्नाला लावावी हे सुचले नव्हते.

केशिराजांच्या दृष्टान्तपाठाची रचना या ठिकाणी आठवते. त्यात सूत्र, दृष्टान्त आणि दार्ष्टान्तिक अशी तीन अंगे आहेत. केवळ सूत्र दिले तर ते कोरडे राहते. केवळ दृष्टान्त दिला तर श्रोता गोष्टीतच रमतो. म्हणून तिसरे अंग ठेवले, जेणेकरून गोष्टीतील कोणते अंग कशाला लावावयाचे ते उघड व्हावे. शाळेत गणिताचा नियम सांगितला जातो, उदाहरण सोडविले जाते आणि तेथेच थांबले जाते. विद्यार्थ्याने स्वतः ‘हा नियम आणखी कोठे लागतो?’ असे विचारून दार्ष्टान्तिक शोधले नाही, तर तो नियम वहीतच राहतो. जात्यंधाने हत्तीच्या एकाच अवयवास स्पर्श करून सर्व हत्तीचा निर्णय करावा, तशीच एका उदाहरणावर शिकलेल्याची गती होते.

व्यवसायातील वर्षे

शाळा संपते आणि परीक्षाही संपतात. मग मनुष्य व्यवसायात पडतो व अनुभवाने शिकतो, अशी समजूत आहे. अनुभव शिकवितो हे खरे, परंतु नेहमीच शिकवितो असे नाही. इ. स. २००५ मध्ये वैद्यांविषयीच्या ६२ मूल्यमापनांचा एकत्र विचार अमेरिकेत प्रसिद्ध झाला. त्यांतील निम्म्याहून अधिक मूल्यमापनांत, व्यवसायाची वर्षे वाढली तसा मोजलेल्या सर्व बाबतींत दर्जा उतरल्याचे आढळले. यावरून कोणा एका वृद्ध वैद्यास दोष देणे अन्यायाचे होईल; पुष्कळ वैद्य आयुष्यभर शिकत असतात. बोध एवढाच की, वर्षे लोटणे आणि शिकणे ही एक गोष्ट नाही. ज्याची चूक त्याला कोणी दाखवीत नाही, त्याची चूक सवय होते, आणि सवय झालेली चूक त्याला अनुभव वाटू लागते.

याच्या उलट उदाहरण लंडनमधील टॅक्सीचालकांचे आहे. तेथे परवाना मिळविण्यासाठी इ. स. १८६५ पासून नगराच्या ज्ञानाची परीक्षा घेतली जाते. चेरिंग क्रॉस या ठिकाणापासून सहा मैलांच्या आतील सुमारे २५,००० रस्ते आणि ठरलेले ३२० मार्ग उमेदवाराला आत्मसात करावे लागतात. त्यास बहुधा तीन-चार वर्षे लागतात. नकाशा पाठ करून भागत नाही; उमेदवार स्वतः रस्त्यांवरून फिरतो. नंतर तो सोबत्यापुढे बसून नकाशावाचून मार्ग तोंडी म्हणतो आणि सोबती चूक दाखवितो. परीक्षाही तोंडी असते आणि काही आठवड्यांच्या अंतराने पुन्हा पुन्हा होते. काळाचे अंतर, आधारावाचून आठव आणि दुसऱ्याकडून शोधन, ही तिन्ही अंगे या एकाच क्रमात आली आहेत.

वृद्धापकाळी शिकणे म्हणजे पालथ्या घड्यावर पाणी, असे ज्यांना वाटते त्यांनी याच चालकांविषयीचे इ. स. २०११ मधील संशोधन पाहावे. या अभ्यासक्रमास आरंभ करणाऱ्या ७९ प्रौढांपैकी ३९ उत्तीर्ण झाले. त्यांच्या मेंदूत, स्थलस्मृतीशी संबंध असलेल्या भागाची वाढ झालेली आढळली. अनुत्तीर्णांत ती आढळली नाही. एका प्रकारच्या नव्या आकृती लक्षात ठेवण्यात मात्र उत्तीर्ण मागे पडले; म्हणजे लाभाबरोबर काही किंमतही द्यावी लागली. हे चालक वृद्ध नव्हते हे खरे, पण ते बालकही नव्हते. शिकण्याचे दार बाल्यासोबत बंद होत नाही, एवढे यावरून निश्चित होते.

नैतिक अंग

आता, कसोटी टाळणे हा नैतिक दोष कसा, ते पाहू. आठवताना अडखळणे कोणालाही रुचत नाही. अडखळल्याने स्वतःविषयीचा मोठेपणा उतरतो. वाचताना तो अबाधित राहतो. म्हणून मन वाचनाकडे, श्रवणाकडे, पुन्हा पुन्हा तेच समाधान देणाऱ्या गोष्टीकडे धावते आणि विचारले जाण्यापासून पळते. याचे मूळ आळसापेक्षा अहंकारात आहे. आणि त्याचे फळ एकट्यालाच भोगावे लागते असे नाही. वैद्याच्या ज्ञानाभासाचे फळ रोगी भोगतो, शिक्षकाच्या ज्ञानाभासाचे विद्यार्थी, आणि उपदेशकाच्या ज्ञानाभासाचे त्याच्यावर विश्वास ठेवून बसलेली मंडळी. ज्याच्या शब्दावर दुसऱ्याचे हित अवलंबून आहे, त्याने आपले ज्ञान न पडताळता बोलणे हा असत्याचाच एक प्रकार मानावा लागेल. कारण त्याला खोटे बोलावयाचे नसले तरी खरे काय ते पाहण्याचे कष्ट त्याने टाळलेले असतात.

येथे एक विपरीत गोष्ट दिसते. बालकाला प्रतिदिनी प्रश्न विचारले जातात. मनुष्य जसजसा अधिकाराला चढतो, तसतसे त्याला विचारणारे कमी होतात. निरूपणकर्त्याला कोणी पाठ म्हणून दाखवा असे सांगत नाही. अशा रीतीने ज्याच्या चुकीने सर्वांत अधिक हानी होणार, त्याचीच परीक्षा सर्वांत आधी बंद पडते. म्हणून अधिकारी पुरुषाने विचारणारे स्वतःहून जवळ ठेवावेत. शिष्याने शंका घेतली तर ती अनादर मानू नये, उपकार मानावा. शिष्यानेही आदरापोटी शंका गिळू नये. विनयाने पण निश्चित शब्दांत ती मांडावी.

आचरणाचा क्रम फार कठीण नाही. जे ऐकले वा वाचले ते त्याच दिवशी पोथी मिटून एकदा मनाशी म्हणावे. जेथे अडेल तेथे खूण करून मग पोथी उघडावी. दोन दिवसांनी, आठवड्याने, महिन्याने ते पुन्हा आठवावे. जाणत्यापुढे ते सांगून शुद्ध करून घ्यावे. आणि आज घडलेल्या कोणत्या प्रसंगाला ते लागू पडते, याचा एक तरी शोध घ्यावा. विद्यार्थ्याला, कारागिराला, वैद्याला आणि साधकाला हा क्रम सारखाच उपयोगी आहे. यात अडखळणे पुष्कळ होईल. परंतु ज्या ठिकाणी अडखळलो तेथेच शिकावयाचे काही उरले आहे, एवढे ज्याला कळले त्याचे शिक्षण शाळेसोबत संपत नाही.