हात कुणाचा, वेळ कुणाचा

घड्याळ ही साधी वस्तू नाही. तिच्यात मालकी असते. ज्याच्या मनगटावर घड्याळ त्यानं विचारायचं, "उशीर का?" आणि ज्याचं मनगट मोकळं त्यानं मान खाली घालून उभं राहायचं. गिरणीच्या गेटवर हे कुणाला शिकवावं लागत नाही.

मला बोलायचंय ते एका खास घड्याळाबद्दल. बायकांचं, सोन्याचा मुलामा दिलेलं, ऑटोमॅटिक. १९६९ साली जपानच्या सेकोनं क्वार्ट्झचं मनगटी घड्याळ बाजारात आणलं आणि पुढं बॅटरीनं सगळं खाल्लं. आता असली जुनी घड्याळं शौकिनांच्या कपाटात नाहीतर जुन्या बाजारात दिसतात.

याला चावी द्यावी लागत नाही. आत एक अर्धगोल वजन असतं. हात हलला की ते फिरतं, ते फिरलं की स्प्रिंगला पीळ बसतो, त्या पिळावर काटे चालतात. जॉन हारवूड नावाच्या इंग्रज घड्याळजीनं १९२४ साली स्वित्झर्लंडात असल्या मनगटी घड्याळाचं पेटंट घेतलं. हात थांबला की दीड-दोन दिवसांत घड्याळही थांबतं. म्हणजे सरळ आहे, हे यंत्र हाताच्या हालचालीवर जगतं.

मग सांगा दोस्तहो, सगळ्यात जास्त हलणारा हात कुणाचा? मावळात, लोणावळ्याच्या अंगाला कुसगाव आहे. आषाढात तिथं भातलावणीला उतरलेली बाई बघा. वाकून रोपं खोवणारा हात दिवसभर थांबत नाही. लावणी संपली की असलाच हात बंगल्यांतली भांडी घासतो, फरशा पुसतो. शनिवार-रविवारी पुण्या-मुंबईचे लोक हवा खायला आले की त्याला उसंत नाही. त्या हाताला हे घड्याळ बांधलं तर कधी बंदच पडणार नाही.

पण बांधून तर बघा! चिखलाचं पाणी आत जाईल, गंज चढेल. घासून घासून मुलामा उडेल. तो मुलामा तरी केवढा? चांगल्यातला म्हटला तरी वीस मायक्रॉन, म्हणजे मिलिमीटरचा पन्नासावा भाग. खाली पितळच. घड्याळाला हात हलता पाहिजे, पण राबता नको. ही खरी मेख आहे.

आपल्या सरकारनंही घड्याळं काढली. एच.एम.टी.नं १९६१ साली बंगळूरला, जपानच्या सिटिझनच्या मदतीनं. एकाचं नाव 'जनता', बायकांच्या एकाचं 'सुजाता'. सुजाता म्हणजे चांगल्या कुळात जन्मलेली. आपल्याला ठाऊक असलेली सुजाता वेगळी. तिनं उपाशी सिद्धार्थापुढं खीर ठेवली, कूळ नाही विचारलं.

कुणी शहाणा म्हणेल, बाईला घड्याळ कशाला, डोक्यावर सूर्य आहे की. दुसरा म्हणेल, घड्याळानंच कामगाराला जुंपलं, निदान तिला तरी मोकळं ठेवा. दुसऱ्याचं अर्धं खरं आहे. १९०६ च्या जानेवारीत सरकारी प्रमाणवेळ लादली तेव्हा मुंबईच्या गिरणी कामगारांनी साचे सोडले आणि दगड उचलले. त्यांना न विचारता त्यांचा दिवस हलवला होता. पण त्याआधी, १८८४ साली, नारायण मेघाजी लोखंडे यांनी काय मागितलं? रविवारची सुटी, दुपारी अर्धा तास विश्रांती, सकाळी साडेसहाला काम सुरू आणि सूर्यास्ताला बंद. घड्याळ फोडा असं ते म्हणाले नाहीत. बाबासाहेब मजूरमंत्री असताना मांडलेल्या दुरुस्तीनं १९४६ साली कारखान्यातला आठवडा ५४ तासांवरून ४८ वर आला. मालकाच्या हातातलं घड्याळ चाबूक असतं. कामगाराच्या हातातलं साक्षीदार.

पण हे ४८ तास कारखान्याच्या भिंतीआतले. कुसगावच्या खाचराला ती भिंत नाही, बंगल्याच्या मोरीला नाही. तिथं "जरा थांब गं, एवढं करून जा" हाच कायदा. त्या 'जरा'चे तास कुणी मोजले? आज मोबाइलवर वेळ दिसते म्हणतात. दिसते, पण कामावरच्या बाईनं मोबाइल बघितला की लगेच "घाई झालीय का?" वेळ दिसणं वेगळं आणि ती बघायचा हक्क असणं वेगळं. घरी गेल्यावर चूल, पाणी, पोरं. त्याला तर कुणी कामच म्हणत नाय. आपण, चळवळीतले पुरुषसुद्धा नाय.

म्हणून बाईला सोनेरी घड्याळ द्या असं मी म्हणत नाही. मुलामा त्यांचा त्यांना लखलाभ. पण ज्या हातानं यंत्राला पीळ द्यायचा, त्याच हाताला काटा बघायची बंदी, हा न्याय कुठला? हात तिचा असेल तर वेळही तिचाच. तो घ्यायचा तर मोजून घ्या, मोजून दाम द्या.

पुढच्या लावणीला मजुरी ठरेल तेव्हा कुसगावच्या बायांनी बांधावर आधी एवढंच विचारावं. काम किती वाजता सुरू? किती वाजता बंद? आणि 'जरा'चे पैसे वेगळे.